ब्रेकला एरंडेल

सुलाबाईच्या हातून पितळी डब्याचं झाकण खणकन् पडलं, तशी घाटमाथ्यावर अडलेल्या मोटारीपाशी बसलेली माणसं दचकली. तिनं लेकीला जवळ ओढलं. लढाईवरून परतलेला ड्रायव्हर केरबा चाकाखालून बाहेर आला.

"एका चाकाची नळी गळत हुती, ठेचून बंद केली. बाकी तिनांला ब्रेक लागंल. पर ब्रेकचं तेल समदं गळालं."

"माज्याकडं गोडंतेल हाय की," म्हातारी धोंडुबाई म्हणाली.

"नगं आजी, त्यानं आतलं रबर फुगतंय. एरंडेल हाय का?"

"लेकीसाठनं घेतलंय," धोंडुबाईनं बाटली काढली. "मिरजंच्या दवाखान्यात बाळंतपणाला अडलीया रं ती. घे, वत समदं. पर सांजची रेल्वे गाठून दे."

"गाठू. पलटणीत आमी ह्येच वतायचो. पर आदी एकटाच दोन वळणं उतरून बगतो."

"व्वा! तेल माजं, मी बी बसते!" धोंडुबाई मोटारीत चढली.

"उतरा आजी. तिकडं लेक आयची वाट बगतीया."

केरबानं एरंडेल ओतलं आणि मोटार वळणाआड गेली. सुलाबाईनं नकळत हात जोडले.

"आये," लेकीनं तिचा पदर ओढला, "ड्रायव्हरमामाची वाट कोण बगतंय गं?"