खिडकीतला कप

त्या रविवारी सकाळी मी पाणी भरलं. पिंप भरलं, कळशी भरली, तांब्या घासला. मग ह्यांची डब्याची पिशवी धुवायला घेतली, आठवड्याने धुते तशी. पिशवी उलटी केली, तर आतून घडी घातलेला एक कागद मोरीत पडला. पदराला पुसला आणि वाचला.

मंडळी, मी इथूनच सुरुवात करते. दुसरीकडून मला जमत नाही. तुम्ही सगळे आलात. चाळीतले आलात, प्रेसमधले लोअर परळहून काम सुटल्यावर तसेच आलात. परवा तेरावं झालं. म्हणालात, वहिनी, दोन शब्द बोला. मला सभेत बोलायची सवय नाही. रडूही येत नाही. येईल तेव्हा येईल. मी आपली जे झालं ते सांगते.

तुम्ही त्यांना दत्तामामा म्हणायचात. एकतीस वर्षं एका प्रेसच्या बाइंडिंग खात्यात होते, शेवटची बारा वर्षं सुपरवायझर. मी चौथी शिकलेली. वाचायला लागले ते त्यांच्यामुळे. खराब छापलेले फर्मे, सोळा-सोळा पानांचे मोठे कागद, घरी आणायचे, फळीवर अंथरायला. न कापलेल्या कागदावर पानं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या पानाशेजारी सोळावं, आणि अर्धी पानं उलटी. मी कागद फिरवून फिरवून वाचायची. ते हसायचे, "अगं, पोळी लाटतेस की वाचतेस?"

तर तो कागद. तक्रार होती. रंजनाची. रंजना, तू बसलीयस ना इथे? बस. उठू नकोस.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. बाइंडिंग खात्यात नवीन माणूस आला की त्याला चहाचा कप मिळतो. बुडाला नेलपॉलिशने नावाचं अक्षर काढतात आणि भिंतीवरच्या खिळ्याला कप टांगतात. ज्याचा खिळा त्याचा कप. रंजना फर्मे घडी करायला लागली तेव्हा तिलाही कप मिळाला. खिळा नाही मिळाला. तिचा कप खिडकीत, खळीच्या डब्याशेजारी. तिने विचारलं तर खात्यातले म्हणाले, तिथे जागा आहे म्हणून. भिंतीवर चार खिळे रिकामे होते. तिने लिहिलं होतं, माझ्या जातीमुळे माझा कप वेगळा ठेवतात. कपात खळ उडते. चार वर्षं झाली.

आणि शेवटी लिहिलं होतं, "दत्तामामा रोज बघतात. ते चांगले आहेत. ते काही बोलत नाहीत."

हे दाढी करत होते. मी विचारलं, "हे काय?"

"खात्यातलं आहे. मिटवलं मी."

"कसं मिटवलं?"

"कागदी कप आणले सगळ्यांना. खिळेच काढून टाकले. आता कुणाचा कप कुठे, हा प्रश्नच नको."

"तिने कागदी कप मागितलेत यात?"

वस्तरा पाण्यात बुडवला. मग म्हणाले, "तीही तेच म्हणाली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मामा, मला खिळा हवा होता. तुम्ही सगळ्यांचेच काढलेत."

मी म्हटलं, "मग हे वाचलंत का तुम्ही नीट? शेवटपर्यंत?"

"तू काय वकीलीण झालीस?" म्हणाले. पण गालावरचा साबण तसाच वाळला.

मंडळी, हे वाईट नव्हते. तुम्हाला ठाऊक आहे. कुणाच्या घरी आजारपण असलं की आधी हे पोचायचे. मशीनवर बोट कापलं की ह्यांच्या खिशात पट्टी. भांडण झालं की दोघांना चहा पाजून मिटवायचे. मिटवणं हेच त्यांचं काम होतं. ह्या वेळी मिटवायचं नव्हतं, उत्तर द्यायचं होतं. मालकांनी सोमवारपर्यंत लेखी मागितलं होतं. आठ दिवस कागद पिशवीत घेऊन फिरले.

दुपारी जेवले नाहीत. म्हणाले, "वही घे. माझं अक्षर कुणाला लागत नाही."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. तक्रार खरी आहे. कप वेगळा ठेवला जात होता. मी ते चार वर्षं पाहिलं आणि थांबवलं नाही. कागदी कप आणले ही माझी चूक. खिळे परत लावावेत, रंजनाचा पहिल्यांदा. कप पहिल्या दिवशी खिडकीत ठेवला तो...

इथे थांबले. मी विचारलं, "नाव लिहू?"

उठून पाणी प्यायले. मग म्हणाले, "लिही. बाबू."

बाबूभावोजी इथे आलेत. मागे बसलेत. ह्यांच्याबरोबर एकाच दिवशी प्रेसमध्ये लागले. तिरडीला पहिला खांदा त्यांनीच दिला, हेही मी सांगते. भावोजी, मी तुम्हाला खाली पाहायला लावायला उभी राहिले नाही. त्या संध्याकाळी हे तुमच्या घरी आले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगून गेले, "उद्या त्याला कागदावरून कळायला नको. माझ्या तोंडून कळू दे."

लिहिलेला कागद वहीतून फाडून त्यावर सही केली. पिशवीत ठेवला. सोमवारी सकाळी अंघोळ करून बसले, पाणी मागितलं. मी आणेपर्यंत गेले. तांब्या माझ्या हातात होता. तो कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही.

मग सुतक. देवाला हात लावायचा नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. जेवण शेजारून यायचं. उंबऱ्याशी ठेवून जायच्या बायका, भांडी वेगळी. कुणाचा दोष नाही. मीही आयुष्यभर असंच केलंय.

तिसऱ्या दिवशी बाबूभावोजी आले. मी पाणी आणलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं. सुतकाचं पाणी. म्हणाले, "वैनी, दत्तो गेलो. आता त्या कागदाक हात लावू नकात. जाऊ दे तो त्याच्याबरोबर." मग रडले. खरंच रडले. मला काही वाटत नव्हतं. पिशवी खुंटीला होती, मी तिच्याकडे बघत होते.

ते गेल्यावर रंजना आली. बसली. कागदाबद्दल अवाक्षर काढलं नाही. ह्यांनी उत्तर लिहिलंय, हेही तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "मामी, पाणी द्या."

मी म्हटलं, "अगं, सुतक आहे."

"द्या हो. चालून आलेय."

मी दिलं. ती प्यायली. पेला तिने विसळला आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

मंडळी, माझं सुतक दहा दिवसांचं होतं. तेवढ्यात मला उंबऱ्यावरच्या ताटांकडे बघवेना. तिचं चार वर्षं चाललं, आणि ते माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत. मी त्यांच्यावर प्रेम केलं म्हणून हे खोटं होत नाही. त्यांनी शेवटी लिहून दिलं म्हणून आधीची चार वर्षं पुसली जात नाहीत. पण त्यांनी लिहून दिलं. तेवढं त्यांचं त्यांना मिळू दे.

चाळीत विचारतात, वहिनी सुतकात कुठे गेली होती? प्रेसमध्ये विचारतात, मामा गेल्यावर कागद आला कुठून? दोन्हींचं उत्तर एकच आहे. ते ऐका, आणि मग ह्यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहा. फोटोकडे बघू नका. एकमेकांकडे बघा.

रंजना येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं. पिशवी खांद्याला लावली. भोईवाड्यातून चालत लोअर परळला गेले, कागद मालकांच्या हातात दिला, पोच घेतली आणि चालत घरी आले.