डावीकडून दुसरी

मोरीन : आणि तुझ्या स्क्रिप्टमध्ये न्यायाधीशाचा हा हातोडा परत कुठून उगवला? गेल्या आठवड्यात मी तो लाल शाईनं खोडला होता.

डॉमिनिक : एकदाच वाजतो, मोरीनबाई. तोसुद्धा अगदी हळू.

मोरीन : एकतीस वर्षं मी इंग्लंडच्या कोर्टांत वकिली केली, डॉमिनिक. एकाही न्यायाधीशाच्या हातात हातोडा बघितला नाही. लिलाववाल्याच्या हातात बघितला, सुताराच्या हातात बघितला. खोड.

डॉमिनिक : खोडला.

मोरीन : पान बावीस. तुझा वकील उठतो, डुलत डुलत जातो आणि ज्युरीच्या कठड्यावर कोपर टेकवतो. दारूच्या गुत्त्यात आलाय का? आमचा वकील जागचा हलत नाही. उभा राहतो, बोलतो, खाली बसतो. फार तर विगखाली खाजवतो.

डॉमिनिक : टीव्हीवर माणूस एका जागी उभा राहिला की लोक चहा करायला उठतात.

मोरीन : उठू देत. खऱ्या कोर्टात ज्युरी झोपते, तरी आम्ही बोलतोच.

डॉमिनिक : हे बघा, ही मालिका अमेरिकेत नऊ वर्षं चालली. तिथले भाग उचलून लंडनमध्ये आणायचे, एवढंच माझं काम. आणि मी मेहनत घेतलीय हो! पिस्तूल काढून पाव कापायची सुरी घातली. डोनट काढून बेकन सँडविच घातलं. तिकडचा सरकारी वकील निवडणुकीला उभा असतो, त्याला मी घरी बसवला.

मोरीन : वा! जुन्या कोटाची बटणं बदललीस आणि सांगतोयस, नवा शिवला.

डॉमिनिक : लोकांना फरक कळत नाही.

मोरीन : तुला कळत नाही. त्यात लोकांना कशाला ओढतोस? पान एकेचाळीस.

डॉमिनिक : त्या पानाला हात लावायचा नाही. तो शेवटचा सीन आहे.

मोरीन : दिसतंय. निकाल लागलाय, आरोपी तुरुंगात गेलाय. वकीलबाई पार्किंगमध्ये एकटीच उभी. ज्युरीतली एक बाई येते आणि दीड पान सांगत बसते, आत बंद खोलीत काय झालं, कोण आधी फिरलं, कुणाचं मन कशानं वळलं. मग दोघी गळ्यात गळा घालून रडतात.

डॉमिनिक : तिकडे त्या सीनला बक्षीस मिळालंय!

मोरीन : तिकडे मिळालं असेल. इकडे शिक्षा मिळेल. या देशात ज्युरीतल्या माणसानं आतलं बाहेर बोलायचं नसतं, आणि वकिलानं विचारायचं नसतं. तो गुन्हा आहे. तुझी कायद्याची मालिका दोन बायकांच्या गुन्ह्यावर संपते, आणि मागून व्हायोलिन!

डॉमिनिक : पियानो आहे.

मोरीन : मग माझी काही तक्रारच नाही.

डॉमिनिक : मोरीनबाई, तुम्हाला परिस्थिती सांगतो. अमेरिकेवाल्यांची अट आहे, प्रत्येक भागाचा शेवट त्यांचाच हवा. चार वाजता लॉस एंजेलिसहून फोन येणार. आणि आपल्या वाहिनीची अट आहे, कायदा तपासणाऱ्याची सही असल्याशिवाय भाग घेणार नाही. म्हणजे शेवट बदलला तर ते नाही म्हणणार, नाही बदलला तर तुम्ही. दोन्हीकडून मीच मरतोय. माझी बावीस माणसं सोमवारपासून घरी बसतील.

मोरीन : ते तिकडे उंटावर बसून शेळ्या हाकणार आणि शेळ्यांनी मला रडून दाखवायचं होय? सही नाही मिळणार.

डॉमिनिक : एका सीनसाठी? खोटा तर खोटा, पण लोकांना बरं वाटतं हो! कोडं सुटतं. प्रेक्षकाला कारण हवं असतं.

मोरीन : प्रेक्षकाला हवं असतं! बाकीच्यांना नको असतं का? कॉलिन स्ट्रेकरला नको होतं?

डॉमिनिक : हा कोण?

मोरीन : कुणी नाही. पुढचं पान दे.

डॉमिनिक : पुढचं पान नाहीये. हेच शेवटचं. कोण कॉलिन?

मोरीन : शेफील्डचा दूधवाला. भावाबरोबर त्याचा खुर्च्या मढवायचा छोटा कारखानाही होता, तो जळला. आत रखवालदार होता, तो गेला. पोलीस म्हणाले, आग कॉलिननं लावली. पुरावा काय, तर समोरच्या खिडकीतून एका म्हाताऱ्यानं पाठमोरा माणूस बघितला. मी त्या म्हाताऱ्याला उलटासुलटा करून झटकला. जिंकले असं वाटलं होतं मला.

डॉमिनिक : आणि?

मोरीन : ज्युरीत दहा विरुद्ध दोन. दोषी. सहाव्या वर्षी तुरुंगातच वारला. मी भेटायला जायचे, तर दरवेळी एकच विचारायचा, "बाईसाहेब, त्यांना माझं काय खटकलं?" मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हतं.

डॉमिनिक : निर्दोष होता?

मोरीन : होता. मी आयुष्यात शंभर चोरांसाठी भांडले असेन आणि रात्री गाढ झोपले. हा एकच चोर नव्हता, आणि हाच हरला.

डॉमिनिक : मग तुम्हाला तर हा सीन आवडायला हवा.

मोरीन : मूर्खा, म्हणूनच तर तो डोळ्यांत खुपतोय! तुझ्या पार्किंगमध्ये ती बाई अशी चालत येते, जणू वर्तमानपत्र टाकायला आलीय. माझ्याकडेही आली होती एक.

(डॉमिनिक पानावरून मान वर करतो.)

डॉमिनिक : ज्युरीतली?

मोरीन : खटल्याला अकरा वर्षं झाली होती. कॉलिनही गेला होता. मी नर्सरीत टोमॅटोची रोपं घेत होते. मागून आवाज आला, "तुम्ही स्ट्रेकरच्या वकील ना?" विग नव्हता, झगा नव्हता, तरी ओळखलं तिनं. म्हणाली, "मी होते त्या ज्युरीत. आत काय झालं ते तुम्हाला एकदा…"

डॉमिनिक : मग?

मोरीन : मग मी हात वर केला. म्हटलं, "बाई, एक शब्द बोलू नका." तिचं तोंड उघडंच राहिलं. मग मिटलं.

डॉमिनिक : अहो, ऐकून घ्यायचं की! कुंड्यांच्या मधे कोण बघत होतं?

मोरीन : अकरा वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं तिनं. मीच तिला गुन्हा करायला लावायचा? आणि उद्या ज्युरीत बसणारा माणूस, बाहेर कुणीतरी वकील टपून बसलाय असं समजून घाबरत घाबरत मत देणार? कॉलिनवर अन्याय झाला म्हणून मी आणखी दहा कॉलिन करायचे?

डॉमिनिक : ती त्या दहांतली होती की दोघांतली?

मोरीन : तेही ठाऊक नाही मला.

डॉमिनिक : मोरीनबाई… हाच. हाच शेवट आहे.

मोरीन : खबरदार! माझ्या जखमेवर तुझा पियानो वाजवू देणार नाही.

डॉमिनिक : पियानो नाही. काहीच नाही. नावं बदलतो, गाव बदलतो, खटला तर आपला सुरीचाच आहे. फक्त ती हात वर करते, तेवढं द्या मला.

मोरीन : मगाशी म्हणालास, लोकांना फरक कळत नाही.

डॉमिनिक : मगाशी मलाच कळत नव्हता.

मोरीन : आणि तुझे उंटावरचे?

डॉमिनिक : भांडतो त्यांच्याशी. नऊ वर्षांत त्यांना असा शेवट सुचला नाही, हे तोंडावर सांगतो.

मोरीन : तू? गेल्या महिन्यात त्यांनी पाऊस कमी करा म्हटलं, तर तू लंडनमधला पाऊस कमी केलास.

डॉमिनिक : केला. आज नाही करणार. हे बघा, लिहितोय. "वकीलबाई हात वर करते. ज्युरीतली बाई गप्प होते. वकीलबाईच्या डोळ्यांत पाणी…"

मोरीन : पाणी खोड. मी रडले नाही. हातात सहा रोपं होती. ती घेऊन रांगेत उभी राहिले. ती बाई माझ्या मागे तिसरी होती. दोघी एकाच दारातून बाहेर पडलो आणि आपापल्या गाडीत बसलो.

डॉमिनिक : एकाच रांगेत?

मोरीन : रांग एकच होती.

डॉमिनिक : ते विचारतील, ती बाई काय सांगणार होती?

मोरीन : सांग त्यांना, एकोणीस वर्षं मीही तेच विचारतेय. दे इकडे पेन. हातोडा नाही ना कुठे?

डॉमिनिक : नाही. फोन वाजतोय, घेऊ?

मोरीन : सही होऊ दे आधी. हं, घे आता.

डॉमिनिक : एक मिनिट. तिला नाव काय देऊ?

मोरीन : नाव नको देऊस. ज्युरीची मागची रांग, डावीकडून दुसरी. तेवढंच लिही.