‘खिडकी बंद’ची पाटी उचलल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, शिक्षण रसायनशास्त्राची पदवी, धंदा रंग जुळवणे, राहणार कालव्यामागच्या चाळवजा इमारतीत, दुसरा मजला. धंद्याच्या रकान्यात हवालदारांनी आधी ‘बेरोजगार’ लिहिले होते. तो धंदा नाही, म्हणून मी ते खोडायला लावले. जबाब माझ्याच अक्षरात लिहू देण्याची माझी विनंती त्यांनी मान्य केली, कारण त्यांच्या मते मी फार दुरुस्त्या सांगत होते.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून लिहून देते की, मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होते. गिऱ्हाईक जुना तुकडा आणून देई, त्याच्याशी नवा रंग हुबेहूब जुळवायचा, हे माझे काम. कारखाना बंद झाला तेव्हा मी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला. अर्ज मंजूर झाल्याचे पत्र आले. भत्ता अजून आलेला नाही.

घरी मी आणि वडील असे दोघेच. मी भत्ता कार्यालयातून परत आले की ते विचारायचे, “झालं का गं काम?” गेल्या महिन्यापासून त्यांनी विचारणे बंद केले आहे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी ज्या दिवशी संपायला हवी होती, त्या दिवशी संपली नव्हती. तीत तीन गोळ्या शिल्लक होत्या. त्याबद्दल मीही काही विचारलेले नाही.

भत्ता कार्यालयाची पद्धत अशी आहे. मंजुरीनंतर दर पंधरा दिवसांनी आपण स्वतः जाऊन खिडकी क्रमांक तीनवर कार्ड द्यायचे. आतल्या बाई त्यावर शिक्का मारतात आणि संगणकात हजेरी लावतात. ज्याची हजेरी दुपारी बारापर्यंत लागली नाही तो गैरहजर. तीनदा गैरहजर राहिल्यास मंजुरी रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज. मात्र संगणक अडकला, बाईंना वर बोलावले किंवा आणखी काही झाले, की काचेखालच्या फटीतून ‘खिडकी बंद’ अशी घडीची लाकडी पाटी बाहेर सरकवली जाते. खिडकी बंद झाली तरी बारा वाजायचे थांबत नाहीत. समोर उभे असलेले सगळे गैरहजर ठरतात.

माझ्या बाबतीत असे यापूर्वी दोनदा झाले. दुसऱ्या वेळी मी लेखी तक्रार दिली. उत्तर आले की, आपण त्या दिवशी हजर असल्याचा कोणताही पुरावा कार्यालयाकडे उपलब्ध नाही.

आज सकाळी मी कार्यालय उघडण्याआधीच रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक गवंडी होते, त्यांना सगळे मुकादम म्हणतात. मागे एक ट्रकचालक. मुकादमांचा शिक्का झाला. मी कार्ड आत सरकवले. सुमारे अकरा वाजून वीस मिनिटांनी बाईंनी ते न उघडता परत सरकवले आणि त्याच्यामागून पाटी आली.

मी म्हणाले, “बाई, एकच कार्ड आहे. एवढं घ्या.”

“पाटी दिसत नाही का तुम्हाला?”

“दिसते. मागच्या दोन्ही वेळेला दिसली होती.”

“मग बारानंतर या.”

“बारानंतर मी गैरहजर असते.”

त्या म्हणाल्या, “ते संगणक ठरवतो, मी नाही.” हे खरे आहे, असे मला त्या वेळीही वाटले. त्यांच्यावर माझा राग आहे का, हे मी इथे बाकावर बसल्या बसल्या दोनदा तपासून पाहिले. थोडा आहे. पण त्या पाटी सरकवत होत्या तेव्हा माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि ज्याला काहीच वाटत नाही तो बघतो.

पाटी लाल, अक्षरे पांढरी. खालच्या कडेचा रंग घासून पार लाकूड उघडे पडले होते. चांगल्या तैलरंगाचे दोन हात असे नुसते ठेवून ठेवून जात नाहीत. रोज, दिवसातून पुष्कळदा सरकवावे लागते. ते बघून मी पाटीची घडी केली आणि माझ्या पिशवीत ठेवली.

बाई म्हणाल्या, “अहो, ती सरकारी वस्तू आहे! ठेवा ती.”

मागून ट्रकचालक म्हणाले, “ताई, जाऊ द्या, घरीच न्या. दाराला लावा, म्हणजे घरमालक परत जाईल.” रांग हसली. मुकादम काम होऊनही गेले नव्हते. ते म्हणाले, “पाटी नाही म्हणजे खिडकी उघडी. घ्या की बाई कार्डं.” बाईंनी खणात दुसरी पाटी शोधली. दुसरी नव्हती. मग त्यांनी साहेबांना बोलावले आणि साहेबांनी पोलिसांना.

फिर्यादीत लिहिले आहे की मी धक्काबुक्की केली. आमच्यामध्ये काच होती. मी अपशब्द वापरले असेही लिहिले आहे. मी साहेबांना “लाज वाटते का” असे विचारले. बाकी पाटी मीच घेतली आणि ती घरी नेण्याचा माझा विचार होता.

मी ठाण्यात बसले असताना बारा वाजून एका मिनिटाने फोनवर संदेश आला की, आज आपण गैरहजर राहिल्यामुळे आपली मंजुरी रद्द करण्यात आली आहे.

त्यानंतर हवालदारांनी मला फिर्याद वाचून दाखवली. तीत असे आहे की, आज अकरा वाजून वीस मिनिटांनी सदर महिला खिडकी क्रमांक तीनसमोर उभी होती, आणि रांगेतील इतर इसम मोठ्याने हसत होते. खाली कार्यालयाचा शिक्का आणि साहेबांची सही आहे. मला हसू आले.

“मॅडम, हसताय काय? चोरीचा गुन्हा आहे.”

मी त्यांना संदेश दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि फिर्यादीचा कागद पुन्हा हातात घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, “हे बघा, तुम्ही शिकलेल्या बाई. पाटी द्या, माफीच्या दोन ओळी लिहा. साहेब फिर्याद मागे घेतील. कशाला नसती बिलामत?”

मी हे आधीपासून ठरवून केले, असा कोणाचा समज होऊ नये. पाटी उचलली तेव्हा माझ्या डोक्यात यातले काहीही नव्हते. पण आता आहे. म्हणून मी माफी लिहून देणार नाही आणि फिर्याद मागे घेतली जाऊ नये अशी माझी मागणी आहे. मी पाटी चोरली, हे मला कबूल आहे. गैरहजर होते, हे कबूल नाही. दोन्ही एका वेळी मी करू शकत नव्हते, कार्यालयाने एक काय ते ठरवावे. फिर्यादीची शिक्क्यासह प्रत मला मिळावी. हसणारे सर्व इसम साक्षीदार म्हणून बोलावले जावेत, म्हणजे त्यांचीही आजची हजेरी नोंदली जाईल. ट्रकचालक आणि आणखी बरेच जण ठाण्याबाहेर थांबलेले आहेत.

वडिलांना फोन करण्याची परवानगी मिळाली. पोलीस ठाण्यात आहे, उशीर होईल, असे सांगितले. मग त्यांनी विचारले, “म्हणजे झालं का गं काम?”

होत आले आहे, असे मी सांगितले.

पाटी एक नग, घडीची, ठाण्यात जमा केली आहे. हा जबाब मी लिहिला, हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि बाहेर उभ्या असलेल्यांनीही तो ऐकला. तो खरा आहे. यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.