साहेबाची मोटार

अंधेरी स्टेशनबाहेर बसच्या रांगेत माझ्या पुढे एक जोडपं होतं. नवरा कातावलेला होता.

“साहेब विलायतेला जाताना कवडीमोलाने मोटार देऊन गेला, त्याला आपण भुललो. पेट्रोल नुसती ढोसते ती.”

“म्हणून तर मोटार दारात आणि आपण रांगेत.”

“एक टायर घ्यायचा तर माझा महिन्याचा पगार जाईल. त्यात ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. मी भंगारवाल्याला बोलावलंय, जयंती.”

“ती विकायची नाही. रविवारी कांदिवलीला जायचंय तिला. सामंतांच्या मुलाची वरात आहे, मी भाड्याने दिलीय.”

“अगं, त्या टायरांवर?”

“वरातीत मोटार बँडच्या मागून माणसाच्या पावलाने चालते. त्याला कशाला हवेत नवे टायर? पेट्रोलही गॅलनभर लागायचं नाही.”

“आणि मध्येच बंद पडली तर?”

“ढकलायला अख्खी वरात आहे की. मी सामंतीणबाईंना आधीच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, साहेबाच्या मोटारीला हात लावायला मिळतोय म्हटल्यावर आमच्यात मारामाऱ्या होतील.”

“बरं, ही एक वरात झाली. पुढे काय?”

“पुढे वैशाखापर्यंतच्या सगळ्या मुहूर्तांना मोटार ठरलीय. चालवायला तुम्ही. कोट इस्त्रीला टाकलाय.”

“अगं, पण तो भंगारवाला येईल ना. त्याला काय सांगू?”

“तो काल दुपारीच येऊन गेला. वैशाखातला शेवटचा मुहूर्त त्याच्याच मुलाचा आहे.”