पातेल्यावरची विभूती

हरीचं नाव घ्या मंडळी! अहो, मोठ्यानं! एवढा मांडव घातलात, माइक लावलात, आणि नाम घेताय कसं – शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये असं! हां, आता कसं!

थांबा, एक घोट पाणी पितो. हा तांब्या तुमच्याच सोसायटीचा ना? असू दे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. घरात एखादी गोष्ट बिघडली, तर आपण आधी काय शोधतो? काय बिघडलं ते? नाही! कुणी बिघडवलं ते! माणूस समोर आला की लगेच म्हणतो, ‘याचं पाणी मी जोखलंय!’ अरे बाबा, माणसाचं पाणी जोखलंस – नळाचं जोखलंस का?

आधी जोखावे पाणी । मग बोलावी वाणी ॥

म्हणा माझ्यामागे! मृदंगवाले, झोपू नका.

तर ऐका. शहराच्या कडेला, जिथं रस्ता संपतो आणि बिल्डरचे फलक सुरू होतात, तिथं एक सोसायटी होती. सुखसागर नाव! नावात सागर आणि नळाला बोअरचं पाणी. तिथं खांबेट्यांचं बिऱ्हाड राहायला आलं. आई, मुलगा आणि नवी सून. आईचं नाव यमुनाताई, सुनेचं नाव रेवा. दोन नद्या एका घरात, मंडळी! मध्ये मुलगा श्रीरंग – तो या काठावरून त्या काठावर!

यमुनाताईंचा सगळा जन्म जुन्या शहरात गेला. तिथं नळाला धरणाचं गोडं पाणी. मुलाचं लग्न झालं, नव्या फ्लॅटमध्ये आल्या, आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर सुनेच्या हाती देऊन मोकळ्या झाल्या. आता आपण देवदेव करायचा! सासू रिटायर झाली की काय करते? देवदेव करते, आणि एक डोळा ओट्यावर ठेवते. हसू नका, तुमच्याही घरी तेच आहे.

आणि ओट्यावर काय दिसायला लागलं? रेवाची डाळ शिजेना! शिट्ट्या झाल्या, कुकर उघडला, तर वरणात डाळ खाली आणि पाणी वर – अबोला धरल्यासारखं. पातेलं घासून पालथं घातलं, की आत पांढरा थर. साबणाला फेस येईना. रेवाचे केस झाडूसारखे झाले.

यमुनाताई म्हणाल्या, “काय गं, माहेरी भांडी घासायची पद्धत नव्हती का?”

“घासते हो आई. रोज घासते. पाण्याचंच काही असेल का?”

“वा! नाचता येईना अंगण वाकडं!”

म्हण खरी आहे, मंडळी. पण शंभरात एकदा अंगण खरंच वाकडं असतं! ते बघायला मात्र खाली वाकावं लागतं, आणि सासूची कंबर सुनेसमोर वाकत नाही.

मग यमुनाताई जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर सांगायला लागल्या – “आमच्या घरात काही हिची डाळ शिजायची नाही!” पहिल्यांदा गमतीनं. मग सवयीनं. रेवा लिफ्टमध्ये शिरली की बायका विचारायच्या, “काय, शिजली का आज?” पोरगी हसायची. घरी येऊन मोरीचा नळ सोडायची आणि रडायची. मला सांगा, या नळाचं पाणी जड की त्या डोळ्यांतलं?

आता दुसरी गोष्ट ऐका. सोसायटीच्या फाटकाशी महादेवाचं छोटं देऊळ होतं. काळी पिंडी, वर तांब्याचं अभिषेकपात्र, त्यातून थेंब थेंब धार. पात्रात पाणी कुठलं? बोअरचं! श्रावण सरता सरता पिंडीवर पांढरं काहीतरी चढायला लागलं. आणि ते आधी कुणी पाहिलं? यमुनाताईंनी! “चमत्कार! महादेवाला आपोआप विभूती लागली!” झालं! हार आले, नारळ आले, रांग लागली. यमुनाताई रोज नखानं चिमूटभर पांढरं खरवडायच्या आणि कपाळाला लावायच्या.

लक्षात येतंय का? पाण्यातला चुना तोच! देवावर बसला तर विभूती, आणि सुनेच्या पातेल्यावर बसला तर आळस!

आधी जोखावे पाणी । मग बोलावी वाणी ॥

आल्या गौरी. रेवाच्या सासरच्या पहिल्या गौरी. पूजनाला पुरणपोळीचा नैवेद्य, संध्याकाळी हळदीकुंकवाला अख्खी इमारत येणार. सकाळी रेवानं हरभऱ्याची डाळ चढवायला घेतली. यमुनाताई म्हणाल्या, “सर बाजूला. आज देवीचं काम आहे. पुरण मी घालते.”

रेवा बाजूला झाली. शांतपणे म्हणाली, “उद्या गौरी जातील, त्यांच्याबरोबर मीही माहेरी जाते.”

“परत कधी?”

“बघू.”

हा ‘बघू’ वाईट असतो हो! गौर माहेरपणाला आपल्याकडे आली, आणि घरातली गौर माहेरी निघाली! श्रीरंग कुठं होता? बाल्कनीत! नवरे अशा वेळी बाल्कनीतच असतात.

यमुनाताईंनी डाळ लावली. शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं – डाळ टणक! पुन्हा लावली, पुन्हा शिट्ट्या – डाळ तशीच! बोटांत दाबली तर खड्यासारखी. ज्या हाताच्या पुरणाची सगळ्या आळीत वाहवा व्हायची, त्या हाताची डाळ शिजेना!

समोर सोड्याचा डबा. चिमूटभर टाकला असता तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. हात डब्यापर्यंत गेलासुद्धा. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला – रेवा बॅगेची चेन लावत होती.

बाई घामाघूम झाली. पदरानं कपाळ पुसलं, विभूती पदराला लागली. डाळ उपसून तोच पदर ओला करून कुकरच्या आत फिरवला, तो पांढरा थर पदराला लागला. बघतात तर पदरावर दोन पांढरे डाग. शेजारी शेजारी. एक देवाचा, एक सुनेचा. कुठला कुठला, सांगता येईना!

मंडळी, चमत्कार म्हणतात तो हा. पिंडीवर झाला नाही, पदरावर झाला.

यमुनाताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. कपाळ मोकळं. म्हणाल्या, “रेवा... माझीसुद्धा डाळ शिजली नाही गं.”

रेवानं बॅग खाली ठेवली. मग सासूचा पदर हातात घेऊन रडली. यमुनाताईही रडल्या. “अंगणच वाकडं होतं बाई, आणि मी तुला नाचवत होते.”

श्रीरंग अखेर बाल्कनीतून बाहेर आला, कोपऱ्यावरच्या दुकानातून गोड्या पाण्याचा जार खांद्यावर घेऊन आला. नवी डाळ कढत पाण्यात भिजवली, शिजवली. लोण्यासारखी! नैवेद्याला उशीर झाला, गौरी थांबल्या. देव थांबतो हो, घाई आपल्यालाच असते.

संध्याकाळी हळदीकुंकवाला एकीनं विचारलंच – “काय यमुनाताई, शिजली का सुनेची डाळ?”

“तिची शिजली,” यमुनाताई म्हणाल्या. “सकाळी माझीच शिजली नव्हती.”

मग कोपऱ्यातून एक आवाज आला – “आमचीही शिजत नाही हो. मी सोडा टाकते.” दुसरी म्हणाली, “मी पण!” तिसरी म्हणाली, “आम्ही तर वरणच बंद केलंय!” अरे, घराघरात तेच पाणी, आणि जो तो झाकण लावून बसलेला!

मग सोसायटीनं पाणी तपासायला दिलं. जड निघालं, चुन्यानं भरलेलं. भांडून-भांडून स्वयंपाकापुरती नगरपालिकेची लाइन आणली. यमुनाताईंनी स्वतः लिंबू चोळून पिंडी स्वच्छ केली. महादेव पुन्हा काळा झाला, आपल्या रंगावर आला.

आणि रेवा माहेरी गेली का? गेली ना! सासूनंच गाडीत बसवून दिली. म्हणाल्या, “चार दिवस राहा. येताना तुमच्या विहिरीचं कळशीभर पाणी आण. ज्या पाण्यावर तू वाढलीस, ते मला एकदा पिऊन बघायचंय.” त्या ‘बघू’चं ‘येते हं’ झालं.

आता माझा तांब्या. मघापासून ठेवलाय ना पुढे? मी आत डोकावलो, मंडळी. आतून पांढरा आहे. पहिल्या रांगेतल्या दोघीतिघींनी आत्ताच एका बाईकडे वळून पाहिलं – हा घासला कुणी म्हणून!

माना सरळ करा. तिच्याकडे बघू नका. नळाकडे बघा.

आधी जोखावे पाणी । मग बोलावी वाणी ॥