गोजरबाईंच्या दातांतली फट

(उल्हासनगर, कॅम्प दोन, १९५५. कुमुदिनीबाईंचा दातांचा दवाखाना. खुर्चीत बदलापूरकडच्या एका गावातल्या गोजरबाई, शेजारी त्यांची जाऊ राजाबाई.)

गोजरबाई : चांगलं दात कानशीनं घासायचं नाय, सांगून ठेवताव. म्हशीनं पुढला एक पाडला, तुमी आनकी दोन घालवनार?

कुमुदिनी : घालवणार नाही. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात थोडे बारीक करीन आणि त्यांवर सोन्याच्या टोप्या बसवीन. नवा दात त्या टोप्यांना जोडलेला असेल. टोपीला जागा नको का?

राजाबाई : कवलीच बरी व्हती.

गोजरबाई : बरी? भर मांडवान हलदीचे ताटान पडली ती!

राजाबाई : नवरी घाबरून पाटावरनं उठली. पोरं अजून हसतान.

कुमुदिनी : तुम्ही गाताना तोंड मोठं उघडता, म्हणून कवळी टाळूवरून सुटते. हा दात पक्का बसतो, सुटत नाही.

गोजरबाई : डाक्टरीनबाय, आमचे लग्नान माझेसारखी धवलारीन लागते. ती गाते, तवा लगीन लागतं. अखातीला माझे भाचीचा लगीन हाय, आन् तिचा सासरा दुसरे गावची धवलारीन बघतो. माझे तोंडातनं नुसता वारा जातो म्हनं.

कुमुदिनी : मग घासण्याआधी खात्री करू. हा मेणाचा दात आहे, सोन्याचा असाच होईल. आज फक्त लावून बघायचा. तोंड उघडा... हं. आता गा.

गोजरबाई : हितं? भायेर तो सिंधी शेठ बसलाय, गाल धरून.

कुमुदिनी : त्याचं दुखणं तेवढा वेळ थांबेल. गा.

गोजरबाई : सोन्याचे सुपान हलदीची रास...

कुमुदिनी : वारा जात नाही. 'स' स्वच्छ आला. राजाबाई, तुम्ही का गात नाही? तुम्ही साथीला असता ना?

राजाबाई : ही थांबली कवा, ते समजलाच नाय.

गोजरबाई : भैरी झालीस काय?

राजाबाई : भैरी नाय! तुझी शीळ कुठं गेली? मांडवान ढोल असतो, पोरं रडतान, मना शबूद थोडीच ऐकू येतो? ओळ संपली की तुझे दातांतनं शीळ वाजते. ती ऐकून आमी ओळ उचलतो.

कुमुदिनी : थांबा. पुढच्या दोन दातांमध्ये आधी फट होती?

गोजरबाई : व्हती ना. तांदलाचा दाना बसंल येवढी. लहानपनापासनं.

कुमुदिनी : मला बोलला नाहीत.

गोजरबाई : पडला तो दात दाखवायला आले मी. फट कोन दाखवतो?

कुमुदिनी : आणि मी ती बुजवून टाकली. दोन्ही दात सारखे दिसावेत म्हणून मेण रुंद ठेवलं. थांबा, सुरी तापवते. मधल्या बाजूनं थोडं काढून टाकू. हलू नका.

राजाबाई : पन डाक्टरीनबाय, नवा दात दोनी बाजूंना जोडनार बोललात. मग फट कशी ऱ्हाईल?

कुमुदिनी : बरोबर विचारलंत. दोन्हीकडून जोडला तर राहणार नाही. म्हणून एकाच बाजूनं जोडायचा. तुमच्या घराची वळचण भिंतीच्या बाहेर येते, तिच्या टोकाखाली खांब असतो का?

राजाबाई : नाय. मागचं वासं धरतान तिला.

कुमुदिनी : तसंच. डावीकडचा शेजारचा दात आणि त्यामागचा सुळा, हे दोन वासे. सुळ्याचं मूळ लांब असतं, तो भार घेईल. नवा दात त्यांना धरून पुढे येईल. उजवीकडच्या दाताला मी हातही लावणार नाही.

गोजरबाई : पन घासायचं दोन ते दोनच.

कुमुदिनी : दोनच. आणि या दातानं ऊस सोलायचा नाही, हाड फोडायचं नाही. वळचणीवर कोणी उभं राहत नाही.

राजाबाई : हाडं मना दे.

गोजरबाई : तुझे दात आधीच म्हशीसारखे.

कुमुदिनी : हसू नका, मेण पडेल. झालं. पुन्हा तीच ओळ.

गोजरबाई : सोन्याचे सुपान हलदीची रास...

राजाबाई : रास गो हलदीची, कोनी रचली...

कुमुदिनी : ऐकलीत शीळ?

राजाबाई : थांबा की, तिला आधी गाऊ तं द्या.

कुमुदिनी : ती गायली, राजाबाई. पुढची ओळ तुम्ही गायलात.

राजाबाई : मी? मी कवा गायली?

गोजरबाई : डाक्टरीनबाय, काढा ते मेन. घासा आता.