गच्चीवरचं ऊन कुणाचं?

अहो, कंपनीला शिव्या देऊन झाल्या, वायरिंगला देऊन झाल्या... आणि चोर निघाला घरातच! थांबा, पहिल्यापासून सांगतो.

गच्चीवर सोलर बसवलं मी. बेळगोळच्या कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, विजेतलं मला कोण शिकवणार? आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, मीटिंगमध्ये उभा राहून ठणकावून सांगितलं, "ही गुंतवणूक आहे हो, खर्च नव्हे! कोळसा वाचेल, हवा वाचेल, नातवंडं नाव काढतील!" आमचे सेक्रेटरी व्यासराज, जरा नाकातच, कानडी वळणानं बोलतात, म्हणाले, "अय्यो राघवेंद्रराव, आधी तुमचं चालू दे री! रविवारी आम्ही बारा जण बघायला येतो. चाललं तर बाराही घरं बसवतील, नाही चाललं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही!" मी म्हटलं, या की! भर दुपारी या!

आले. बाराच्या बारा. जिन्याखालच्या मीटरचं झाकण मी ऐटीत उघडलं... शून्य! बाहेर ऊन असं की डोकं फुटेल, आणि मीटरवर शून्य! "एनु री, काय हो," व्यासराज म्हणतात, "सूर्य रजेवर आहे काय?" तुम्हाला सांगतो, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! तरी म्हटलं, घाबरू नका, गुंतवणूक आहे, खर्च नव्हे! व्यासराजांना मीटरपाशी उभं केलं आणि कंपनीला, वायरिंगला शिव्या देत धावलो वर, मागून बाकीचे अकरा...

बघतो तर काय? सगळ्या पॅनेलांवर माझीच जुनी धोतरं चौपदरी करून पसरलेली, आणि धोतरांवर ओळीनं तांदळाचे संडगे! शेजारी आमची ही, सुष्मा, कावळे हाकतेय!

"अगं, हे काय?"

"काय म्हणजे? अख्खी गच्ची तुमच्या काचांनी अडवली, मी संडगे कुठं घालू? तुमच्या डोक्यावर? इथं बघा कसे भराभर वाळतात! गुंतवणूक आहे हो, खर्च नव्हे!"

माझंच वाक्य! अकरा जणांसमोर!

एकेक धोतर उचललं, संडग्यांसकट, हळूच... घरात राहायचंय हो मला! तेवढ्यात खालून व्यासराज ओरडले, "आला! आला! आकडा पळतोय री!" जिंकलो! त्यात हिनं कालचे वाळलेले संडगे तळून आणले. कुरकुर, कुरकुर... खाता खाता बाराही जणांनी सोलरच्या अर्जांवर सह्या केल्या, आणि संध्याकाळी त्यांच्या बायका हिला विचारायला आल्या, "एका पॅनेलवर किती मावतात?"

आता आमच्या लेआउटात तेरा गच्च्यांवर सोलर आहे. माझं म्हणणं अगदी खरं ठरलं! वीज ना? मिळते की... संडगे उतरवल्यावर!